रेकॉर्ड प्लेयरची सुई संपली की कार्ट्रिज गेलं? घरच्या घरी बदलायची सगळी रीत

जुन्या रेकॉर्ड्स खरखरणारच, असं म्हणत लोक वर्षानुवर्षं एकच सुई घासत बसतात आणि बऱ्याचदा रेकॉर्डचा काही दोषच नसतो, सुई संपलेली असते. संपलेली सुई नुसती वाईट वाजत असती तरी चाललं असतं, पण ती वाजता वाजता खाचेच्या भिंती तासत जाते आणि ते नुकसान कुठल्याही धुण्यापुसण्याने भरून येत नाही. ज्या रेकॉर्ड्स आजही नव्याने छापल्या जातायत त्यांचं एक वेळ ठीक आहे हो, पण नाट्यपदांच्या आणि भावगीतांच्या त्या छोट्या ४५ च्या ईपी आता परत कोण छापणार? म्हणून माझं मत एकदम सरळ आहे, सुई कानाने नाही तर तासांनी बदलायची. कानाला कळेपर्यंत उशीर झालेला असतो, कारण बिघाड इतका हळूहळू वाढतो की कान त्याला सवयीने माफ करत जातो.

हिशोब सोपाय. हिऱ्याच्या सुईचं आयुष्य साधारण ५०० ते १००० तास धरतात, लंबगोल टोकाच्या सुयांना काही कंपन्या त्याहूनही कमी सांगतात. एका एलपीच्या दोन बाजू मिळून ४० मिनिटं धरा, रोज एक एलपी ऐकली तर वर्षाचे २४० तास झाले, म्हणजे दोन वर्षं झाली की नव्या सुईचा विचार सुरू करायला हरकत नाही. आणि प्लेयर जुन्या बाजारातून घेतलाय किंवा काकांच्या माळ्यावरून खाली आलाय, तर त्यावरच्या सुईला शून्य तास शिल्लक आहेत असंच समजा, भले विकणारा काहीही सांगो.

आधी खात्री करा की दुखणं सुईचंच आहे

सगळ्यात पहिले सुईवरचा कचरा बघा. टोकाला धुळीचा गोळा बसला असेल तर आवाज बसका, फाटका येतो आणि लोक उगाच नवीन कार्ट्रिज, म्हणजे सुई जिला लागते ती डबी, मागवतात. सुईचा छोटा ब्रश घ्या आणि मागून पुढे, म्हणजे आर्मच्या (सुई धरणाऱ्या दांड्याच्या) बाजूकडून तुमच्याकडे, असाच फिरवा, उलटा किंवा आडवा कधीच नाही, त्याने कॅन्टिलिव्हर, म्हणजे सुई जिच्या टोकाला बसवलेली असते ती केसाएवढी दांडी, वाकतो. घरं पुसायला जो पांढरा मॅजिक इरेझर स्पंज मिळतो त्याचा लहान तुकडा ठेवून क्यू लिव्हरने, म्हणजे आर्म हळूच वरखाली करायच्या दांडीने, सुई त्यावर सरळ खाली सोडायची आणि सरळ वर उचलायची, असं दोनचार वेळा केलं तरी चिकट घाण निघते. पावसाळ्यात, खास करून मुंबई कोकणात, रेकॉर्ड्सवर बुरशी धरते आणि तीच सुईवर लाख चिकटवल्यासारखी जमते, तेव्हा हा स्पंज फार कामाला येतो. स्पिरिट किंवा आयपीए, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल, शक्यतो नकोच, हिरा ज्या गोंदाने चिकटवलेला असतो त्या गोंदाशी कशाला पंगा घ्यायचा.

साफ करूनही "स", "श", "च" फुटतायत, बाजू संपत आली की आवाज घोगरा होतोय, तर सुई झिजलीये असं समजा. कॅन्टिलिव्हर समोरून बघा, तो डावीउजवीकडे कललेला असेल किंवा कार्ट्रिजचं पोट रेकॉर्डला टेकायला आलं असेल तर कॅन्टिलिव्हर धरून ठेवणारं आतलं रबर बसलंय, मग तास किती झाले हा प्रश्नच उरत नाही. मोबाईलला जोडायचा स्वस्त मायक्रोस्कोप मिळतो त्याखाली झिजलेल्या टोकावर दोन बाजूंना चपटे चकचकीत डाग दिसतात, पण हे बघायला सराव लागतो, पहिल्याच दिवशी त्यावर निकाल देऊ नका.

एकाच बाजूचा आवाज गेला असेल तर मात्र सुईकडे जाऊच नका. अ‍ॅम्प्लिफायरच्या मागच्या लाल पांढऱ्या पिना आपसात बदला. मुका स्पीकर तोच राहिला तर दोष अ‍ॅम्पमधे किंवा स्पीकरमधे आहे. मुकेपणा दुसऱ्या स्पीकरकडे गेला तर दोष प्लेयरकडचा, मग हेडशेलमधल्या, म्हणजे आर्मच्या टोकाला कार्ट्रिज जिथे बसतं त्या भागातल्या, चार बारीक वायरी तपासा, बऱ्याच वेळा तिथलाच एखादा टॅग सैल किंवा हिरवा पडलेला असतो. सगळं नीट असूनही एक बाजू मुकी, तर कार्ट्रिज काढून मल्टीमीटरने दोन्ही बाजूंच्या पिना मोजा. मूव्हिंग मॅग्नेट, म्हणजे सुईबरोबर चुंबक हलणाऱ्या, कार्ट्रिजला काही शे ते हजार दीड हजार ओहम येतात, दोन्हीकडे सारखेच यायला हवेत, एका बाजूला काहीच येत नसेल तर आतली कॉइल तुटलीये आणि ते कार्ट्रिज गेलं, ते उघडून जोडायच्या भानगडीत पडू नका. मूव्हिंग कॉइल, म्हणजे चुंबकाऐवजी कॉइल हलणारं, कार्ट्रिज असेल तर मल्टीमीटर लावूच नका, त्याच्या कॉइल फार नाजूक असतात.

नुसती सुई की पूर्ण कार्ट्रिज

मूव्हिंग मॅग्नेटवाल्यांना ही मोठी सोय असते, सगळ्या कॉइल कार्ट्रिजच्या अंगात असतात आणि अंग झिजत नाही, झिजते ती सुई आणि ती ओढून निघते. ऑडिओ टेक्निकाच्या व्हीएम९५ मालिकेत एकाच अंगावर साध्या गोल टोकापासून मायक्रोलिनिअर, शिबाटा अशा बारीक घडवलेल्या टोकांपर्यंत कुठलीही सुई बसते, ऑर्टोफॉनच्या टूएम रेडवर टूएम ब्लूची सुई चढते. म्हणजे आज स्वस्तात सुरुवात करायची आणि पुढे नुसती सुई वरची घ्यायची, स्क्रूला हातही न लावता. शुअरने २०१८ मधे कार्ट्रिज बनवणंच बंद केलं, तरी जपानची जिको त्यांच्या जुन्या अंगांसाठी सुया बनवते, त्यामुळे घरात जुनं चांगलं शुअर असेल तर फेकू नका. नुसतं "डायमंड" लिहिलेल्या, कंपनीचं नाव नसलेल्या सुयांपासून मात्र लांब राहा, हिरा तिरका बसलेला असला तर ती नवी सुईच तुमच्या जुन्या सुईपेक्षा जास्त नुकसान करेल.

मूव्हिंग कॉइलची सुई सहसा निघत नाही, ते कार्ट्रिज एकतर रीटिपिंगला, म्हणजे नवं टोक बसवून घ्यायला, पाठवायचं नाहीतर नवीन घ्यायचं. त्यातल्या बहुतेकांचं आउटपुटही अर्ध्या मिलिव्होल्टच्या आसपास किंवा खाली असतं, त्यामुळे साध्या फोनो इनपुटवर, म्हणजे रेकॉर्ड प्लेयर जोडायच्या इनपुटवर, आवाजच पुरत नाही.

आणि आता आपल्याकडच्या जुन्या पोर्टेबल प्लेयरवाल्यांसाठी, म्हणजे एचएमव्हीची फिएस्टा, कॅलिप्सो वगैरे. त्यात बहुतेक सिरॅमिक कार्ट्रिज असतं, ते शेकडो मिलिव्होल्ट देतं आणि आतला अ‍ॅम्प त्याच हिशोबाने बनवलेला असतो. तिथे ४ मिलिव्होल्टचं आधुनिक मूव्हिंग मॅग्नेट बसवलं तर आवाज कुजबुज येईल आणि तीही बासशिवाय, कारण मधे सुईचा बारीक सिग्नल वाढवून बास परत देणारा फोनो प्रीअ‍ॅम्प नाही. शिवाय त्या जड आर्मचं ओझं नाजूक सुईला झेपत नाही. अशा प्लेयरला सिरॅमिकच शोधा. ज्यांचा कार्ट्रिजवाला भाग नुसता आत खुपसून एका बाजूच्या स्क्रूने पक्का होतो ते टीफोरपी, म्हणजे पी माउंट, त्यांचं वजन आणि मोजमाप सगळं कंपनीने ठरवून दिलंय, १.२५ ग्रॅम दाब, लावा आणि वाजवा, खालचं अर्धं वाचायची गरजच नाही.

बाकी बहुतेक कार्ट्रिज अर्ध्या इंचाचे, म्हणजे दोन स्क्रूंमधलं अंतर १२.७ मिमी. मी पुढचं सगळं टेक्निक्स एसएल-१२०० या प्लेयरवर व्हीएम९५ ई कार्ट्रिज बसवायचंय असं धरून लिहितोय, कारण हेडशेल निघणाऱ्या एस आकाराच्या आर्मला हीच पद्धत जवळपास सगळीकडे लागू पडते. आर्म आणि कार्ट्रिज जुळतात का हे बघायचं असेल तर, टेक्निक्सच्या आर्मचं इफेक्टिव्ह मास, म्हणजे सुईला जाणवणारं आर्मचं वजन, १२ ग्रॅम, कार्ट्रिज ६.१ ग्रॅम, स्क्रू धरून साडेअठरा. आर्म आणि कार्ट्रिजचा रेझोनन्स, म्हणजे दोघं मिळून आपसूक ज्या वेगाने थरथरतात तो, ८ ते १२ हर्ट्झमधे हवा आणि हे जोडपं १० च्या आसपास बसतं, म्हणजे मस्त. जपानी कंपन्या कंप्लायन्सचा, म्हणजे सुईच्या लवचिकपणाचा, आकडा १०० हर्ट्झवर देतात, तो तसाच रेझोनन्सच्या सूत्रात टाकला तर उत्तर चुकतं, १० हर्ट्झला तो दीडपट ते दुप्पट धरावा लागतो.

काय काय हाताशी हवं

चष्म्याच्या दुकानात मिळतो तसला बारीक स्क्रूड्रायव्हर, टोकदार चिमटा, टॉर्च, भिंग, एक पट्टी, छोटी स्पिरिट लेव्हल आणि दाब मोजायचा डिजिटल काटा. हा काटा मात्र घ्याच, ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा, काउंटरवेटवरच्या, म्हणजे आर्मच्या मागच्या फिरवायच्या वजनावरच्या, आकड्यांवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. काट्याची ताटली लोखंडी नको, कार्ट्रिजमधलं चुंबक तिला खेचतं आणि आकडा खोटा येतो. प्रोट्रॅक्टर, म्हणजे सुईची जागा आणि कोन जुळवायचा तक्ता, नेटवरून छापून घेणार असाल तर प्रिंट १०० टक्क्यांवर काढा आणि त्यावरची मोजपट्टी खऱ्या पट्टीने ताडून बघा, प्रिंटर गुपचूप पान लहान करतो.

प्लेयर आधी लेव्हल करा. प्लग काढा, अ‍ॅम्प बंद.

जुनं काढणं

आर्म त्याच्या स्टँडवर लॉक करा, सुईवर गार्ड घाला. हेडशेलमागची कॉलर फिरवून सैल करा आणि हेडशेल सरळ पुढे ओढा, आता ते टेबलावर घेऊन आरामात काम करता येतं. वायरींचा मोबाईलने जवळून फोटो काढून ठेवा. रंग सगळीकडे सारखेच असतात: लाल उजव्याचा सिग्नल, हिरवा उजव्याचा ग्राउंड, पांढरा डाव्याचा सिग्नल, निळा डाव्याचा ग्राउंड. पण जुन्या प्लेयरमधे मधेच कोणीतरी हात घातलेला असतो आणि रंगांचा काही भरवसा नसतो, म्हणून फोटो.

टॅग काढताना चिमट्याने टॅगलाच धरा, वायरीला अजिबात ओढू नका, ती केसाइतकी असते आणि टॅगच्या मुळाशीच तुटते. टॅग घट्ट बसला असेल तर हलवत हलवत काढा, एका झटक्यात नाही. मग स्क्रू काढा. खाली पांढरा कपडा अंथरलेला बरा, कारण ते एवढुसे स्क्रू सतरंजीत एकदा गेले की गेले.

नवं बसवणं

नव्या कार्ट्रिजची सुई आधी काढून बाजूला ठेवा, गार्ड असला तरी. व्हीएम९५ ची सुई पुढून खाली दाबली की निसटते, परत लावताना मागचं टोक आधी आत अडकवायचं आणि पुढचा भाग वर ढकलायचा, टक् असा आवाज आला की बसली. स्क्रूड्रायव्हर सटकला तर कार्ट्रिजवर ओरखडा येईल, सुई वाचेल.

वायरी स्क्रूंच्या आधी लावायच्या की नंतर यावर लोक भांडतात. मी आधी लावतो, कारण कार्ट्रिज हातात सुटं असताना पिना सगळ्या बाजूंनी दिसतात. टॅग सैल वाटला तर त्यात टूथपिकचं टोक घालून चिमट्याने हलकेच दाबा, घट्ट वाटला तर शिवणाच्या सुईने थोडा उघडा, पण पिनेवर जोर लावून ढकलू नका, पीन आत गेली की आतली वायर तुटते. आणि कार्ट्रिजच्या पिनांवर सोल्डरिंग आयर्न कधीही, कुठल्याही परिस्थितीत लावायचं नाही. समुद्राजवळ राहात असाल तर टॅग हिरवट पडलेले असतात, ते काँटॅक्ट क्लीनरने पुसून मगच लावा.

व्हीएम९५ च्या अंगातच आटे पाडलेत, नट लागत नाहीत, वरून स्क्रू घालून फिरवायचे. लांबी बघून घ्या, हेडशेल जाड असेल तर लांब स्क्रू लागतो, पातळ असेल तर तोच खालून बाहेर डोकावतो. अजून पक्कं आवळू नका, कार्ट्रिज बोटाने सरकवता येईल पण आपणहून हलणार नाही इतपतच.

आता सुई परत लावा आणि मोजमाप. हेडशेलच्या मागच्या टोकाला जिथे रबरी वॉशर बसतो तिथपासून सुईच्या टोकापर्यंत टेक्निक्सचं अंतर ५२ मिमी, म्हणजे सुई मधल्या खिळ्याच्या १५ मिमी पुढे जाते. प्लेयरबरोबर प्लास्टिकचा गेज येतो त्यावर हे सरळ बसवता येतं. नेटवरचे बेअरवाल्ड पद्धतीचे प्रोट्रॅक्टर खिळ्यापासून ६६ आणि १२०.९ मिमीवर सुईच्या कोनाची शून्य चूक मागतात, त्यासाठी कार्ट्रिज अजून पुढे सरकवावं लागतं आणि कधीकधी मूळ हेडशेलची खाच कमी पडते.

मला विचाराल तर आपलं ऐकणं शास्त्रीय संगीताचं असेल तर कंपनीच्या ५२ वरच थांबा. कारण बघा, कोनाची चूक सगळ्यात जास्त ऐकू येते ती रेकॉर्डच्या आतल्या खाचांमधे, तिथे एका फेऱ्यात अंतर कमी आणि माहिती तेवढीच कोंबलेली. आता रागाची एक बाजू कशी चालते? आलाप, विलंबित बाहेरच्या ऐसपैस खाचांत होतो आणि द्रुत, तराणा, ताना सगळ्या लेबलजवळ येऊन पडतात. म्हणजे जिथे गवय्या सगळ्यात वेगात तिथेच सुईची सगळ्यात मोठी पंचाईत. टेक्निक्सची आखणी आतल्या भागाला झुकतं माप देते, तेव्हा पाश्चात्त्य फोरमवाले काही म्हणोत, आपल्याला ती सोयीची पडते.

अंतर जमलं की कार्ट्रिजच्या कडा हेडशेलच्या कडांशी समांतर आहेत ना बघा, मग दोन्ही स्क्रू आळीपाळीने, थोडा हा थोडा तो, असे आवळा. एकच आधी पूर्ण आवळला की कार्ट्रिज फिरतं. आवळून झालं की परत ५२ मोजा, बहुतेक वेळा केसभर हललेलं असतंच.

वजन, अँटी स्केटिंग, उंची

हेडशेल परत लावा, कॉलर आवळा. सुईचा गार्ड काढा, कारण त्याचं वजन धरून बॅलन्स केला तर सगळं गणित चुकतं. अँटी स्केटिंग, म्हणजे आर्मला आत ओढणाऱ्या जोराला तोलणारी चकती, शून्यावर. आता आर्म थाळीच्या आणि स्टँडच्या मधे हातात धरून काउंटरवेट फिरवत राहा, आर्म हवेत आडवा, ना वर ना खाली, असा तरंगला पाहिजे. हे करताना सुई थाळीवर आपटू नये म्हणून एक बोट हेडशेलच्या दांडीखाली ठेवाच. तरंगला की आर्म लॉक करा आणि फक्त आकड्यांची रिंग शून्यावर आणा, काउंटरवेट न हलवता, इथे भलेभले गोंधळतात. मग पूर्ण काउंटरवेट फिरवून २.० वर न्या. व्हीएम९५ ई ला १.८ ते २.२ ग्रॅम सांगितलंय, टूएम रेडला १.८. काट्याने मोजा आणि काटा साधारण रेकॉर्डच्या उंचीला असू द्या, फार उंच ठेवला तर आकडा थोडा बदलतो.

हलकं वाजवलं की रेकॉर्ड जास्त टिकते हा गैरसमज आपल्याकडे फार खोल बसलाय. उलट आहे, कमी दाबात सुई खाचेत धरून राहात नाही, भिंतींवर आपटत जाते आणि तेच जास्त घातक. दिलेल्या पट्ट्यात मधला किंवा किंचित वरचा आकडा धरा.

अँटी स्केटिंग दाबाइतकंच, इथे २. कोऱ्या चकतीवर सुई सोडून बघायची युक्ती लोक सांगतात, मला ती पटत नाही, खाच नसलेल्या जागी सुई वेगळीच वागते. त्यापेक्षा स, श भरपूर असलेलं एखादं गाणं हेडफोनवर ऐका, ते फक्त उजव्या कानात फुटत असतील तर अँटी स्केटिंग थोडं वाढवा, डाव्यात फुटत असतील तर कमी करा.

उंचीसाठी सुई रेकॉर्डवर ठेवून बाजूने बघा, आर्म रेकॉर्डला समांतर हवा. टेक्निक्सला आर्मच्या बुडाशी रिंग आहे ती ० ते ६ मिमीपर्यंत जाते, लॉक सोडून फिरवायची आणि परत लॉक. समोरून बघताना थाळीवर छोटा आरसा ठेवलात तर कार्ट्रिज आणि त्याचं प्रतिबिंब एका सरळ रेषेत दिसलं पाहिजे, तिरकं दिसलं तर कॉलर जरा सैल करून हेडशेल फिरवून घ्या.

वाजवून बघताना

पहिली रेकॉर्ड अशी लावा जी गेली तरी दुःख नाही. सुरुवातीचे २०-३० तास आवाज थोडा आखडलेला वाटू शकतो, त्यात सेटिंग बदलत बसू नका. थंडीत पुण्या नाशकात सकाळी खोली गार असेल तर रबर कडक असतं, थोडं तापू द्या.

हमिंग येत असेल तर प्लेयरची ग्राउंड वायर अ‍ॅम्पला लावलीये का बघा, मग हेडशेलमधले हिरवा निळा टॅग. आवाज येतोय पण बास गायब, गाणारा मधे न येता कुठेतरी पसरलेला वाटतो, तर एका बाजूचा सिग्नल आणि ग्राउंड उलट लागलाय, लाल हिरवा किंवा पांढरा निळा बदलून बघा. तबला डावीकडचा उजवीकडे गेला तर दोन्ही जोड्याच अदलाबदल झाल्यात. आवाज मधेच जातो आणि हेडशेलला हात लावला की येतो, तर मागच्या चार पिना आणि आर्मच्या आतले स्प्रिंगवाले काँटॅक्ट पुसा, कॉलर पूर्ण आवळलेली नाही असंही असतं.

घरात लाखेच्या ७८ च्या तबकड्या असतील तर त्या या सुईवर लावू नका. एलपीच्या साध्या गोल सुईचं टोक ०.७ मिलचं (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) असतं आणि ७८ ला ३ मिल लागतं, बारीक सुई रुंद खाचेच्या तळाला घासत जाते, नुसती खरखर ऐकू येते आणि सुईही मरते. व्हीएम९५ च्या याच अंगावर एसपी नावाची ७८ ची सुई चढते, पण ती ५ ग्रॅमवर चालते, म्हणजे दर वेळी काउंटरवेट परत फिरवा. त्यापेक्षा दुसरं हेडशेल घेऊन त्यावर ७८ चं वेगळं कार्ट्रिज कायमचं बसवून ठेवणं परवडतं, बदलताना फक्त कॉलर फिरवायची आणि दाब परत मोजायचा.